चालायचं मशीन

अक्कांनी आधी चपला काढल्या. दुकानाच्या पायरीवर नव्हे, मशीनपाशी येऊन. मग वाकून पट्ट्याला हात लावला, तो कपाळाला टेकवला आणि दोन्ही दांडे धरून त्या वर चढल्या.

“अक्का, राहू द्यात की चपला,” मी म्हणाले. “हे काय देऊळ आहे?”

“असू दे गं बाई. अनवाणीच बरं.”

त्यांचा मुलगा रणधीर शेजारी उभा होता. रणधीर खराडे, मार्केट यार्डाजवळ त्यांचं पशुखाद्याचं दुकान. तिशी नुकतीच ओलांडलेला, इस्त्रीच्या शर्टातला, बोलायला अगदी मवाळ गडी. त्यानं हसून माझ्याकडे पाहिलं, म्हणजे म्हाताऱ्या माणसांचं असंच असतं, मनावर घेऊ नका.

मीही घेतलं नाही. जुनी व्यायामाची मशिनं विकायच्या धंद्यात मला तेव्हाच बरीच वर्षं झाली होती, आणि या धंद्यात माणसांचं नवल वाटायचं थांबतं. लोक एक जानेवारीला संकल्प सोडतात, गुढीपाडव्याला त्याच ट्रेडमिलवर टॉवेल वाळत घालतात आणि दिवाळीच्या साफसफाईत मला फोन करतात. नव्याचे नऊ दिवस, आणि माझं पोट दहाव्या दिवसावर. माझे टेम्पोवाले बशीरभाई म्हणायचे, “हेमाताई, सांगलीत एकानं जरी रोज व्यायाम केला तर आपण उपाशी मरू.”

मी बटण दाबलं. पट्टा हळू सरकायला लागला आणि अक्का चालू लागल्या. साठीच्या पुढच्या, शिडशिडीत, नऊवारीचा काष्टा घट्ट मारलेला. पहिल्यांदा ट्रेडमिलवर चढणारं माणूस खाली पायाकडे बघतं, डगमगतं, किंचाळतं. अक्का समोर बघत चालत होत्या आणि त्यांचे ओठ हलत होते.

“सरळच जातंय व्हय हे?” त्यांनी विचारलं. “वळत न्हाई कुठं?”

“वळून कुठं जाणार अक्का, भिंतीत?”

रणधीर हसला. मग त्याचे प्रश्न सुरू झाले. इतर गिऱ्हाइकं विचारतात, किती वजन पेलतं, किती कॅलरी जळतात, गुळगुळीत झालेला पट्टा बदलून देणार का. रणधीरनं विचारलं, “किती चाललं ते दाखवतं ना? आणि बंद केलं तर आकडा राहतो का पुसतो?”

“पुसतो. परत शून्यापासून.”

“आणि दिवसभर चालवलं तर?”

“दिवसभर? हे घरगुती आहे रणधीर. अर्धा तास चालायचं, मग मोटारीला गार होऊ द्यायचं.”

“अर्ध्या तासात काय हुतंय?” अक्का वरूनच म्हणाल्या.

मला वाटलं, साखर वाढली असेल, डॉक्टरांनी सांगितलं असेल चालायला. रणधीरनंही तसंच काहीसं सुचवलं. त्याची बायको वृषाली पोटुशी होती. आधीची दोन्ही गेली होती, त्यामुळे डॉक्टरांनी या खेपेला पलंगावरून उठायचं नाही म्हणून ताकीद दिलेली. “या बाळाला काही झालं तर ती जगणार नाही ताई,” तो एकदम खालच्या आवाजात म्हणाला. “आणि आईला तिला सोडून बाहेर जाता येत नाही. म्हणून घरातच मशीन.”

यात न पटण्यासारखं काय होतं? मला तर त्या सासूचं कौतुकच वाटलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही मशीन पोचवायला गेलो. नदीकडच्या बाजूला त्यांचं बैठं घर. महापुराची खूण अजून भिंतीवर होती, माणसाच्या कमरेएवढी, खाली ओल आणि वर रंग. मी म्हटलं, हॉलमध्ये खिडकीशी ठेवू, वारा येईल. अक्का म्हणाल्या, न्हाई, आत. आतल्या खोलीत त्यांनी जागा सारवल्यासारखी लख्ख करून ठेवली होती. समोरच्या भिंतीवर औदुंबराचा मोठा फोटो होता, पारावर पादुका, फोटोला ताजी फुलं. मशीनचं तोंड बरोबर त्याच्याकडे आलं पाहिजे म्हणून रणधीरनं आम्हाला ते तीनदा सरकवायला लावलं. बशीरभाईंना घाम फुटला.

“टीव्ही लावतात लोक समोर,” मी म्हटलं. “तुमचं आपलं बरं आहे, करमणुकीला दत्त महाराज.”

अक्कांनी पदरानं फोटोची काच पुसली.

त्या खोलीला लागूनच वृषालीची खोली. मधलं दार सताड उघडं. ती पलंगावर कुशीवर पडली होती, पायांखाली दोन उशा, चेहरा सुकलेला. जवळ जोंधळ्यांनी भरलेली परात आणि एक रिकामा तांब्या. पडल्या पडल्या धान्य निवडतेय बिचारी, असं मला वाटलं.

“ताई, आवाज फार करतं का हो हे?” तिनं विचारलं.

“तेल घातलंय. नुसतं घुर्र करतं.”

“दारातनं ऐकू येईल ना मला?”

मला वाटलं होतं ती तक्रार करतेय. तिला खात्री करून घ्यायची होती.

नवरात्र संपता संपता रणधीरचा फोन आला. पट्टा घसरतोय, मोटार मधेच बंद पडते. घरगुती ट्रेडमिल इतक्या लवकर तक्रार करत नाही. मी दुपारी बशीरभाईंना घेऊन गेले.

मोटारीचं झाकण हाताला चटका बसेल इतकं तापलं होतं. पट्टा पिवळाजर्द. मी बोट फिरवलं, वास घेतला. हळद आणि खोबरेल तेल.

“हे कुणी घातलं? असलं तेल घालतात का यात?”

“घातलं न्हाई,” अक्का म्हणाल्या. त्या भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या, पाय लुगड्याखाली घेतलेले. “लागलंय.”

“अक्का, पाय दाखवा.”

“काय बघायचंय पायात?”

“दाखवा म्हणते ना.”

त्यांनी लाजत पाय पुढे केले. तळव्यांवर चिंध्या बांधलेल्या होत्या, हळद-तेलात भिजवलेल्या, आणि त्यांच्या कडेनं जे दिसत होतं त्याला कातडं म्हणता आलं नसतं. बशीरभाई “या अल्ला” म्हणाले आणि बाहेर जाऊन उभे राहिले. रणधीरवर मी इतकी भडकले की त्याला अरे-तुरे करायला लागले.

“अरे, आई आहे ना तुझी? डोळे फुटलेत का तुझे?”

“मी नको म्हणतो ताई. पण लक्ष पुरं व्हायला पाहिजे.”

“कसलं लक्ष?”

मग सगळं बाहेर आलं. वृषालीचे दिवस टिकले तेव्हा अक्कांनी नदीकाठच्या दत्ताच्या देवळात नवस बोलला होता. चातुर्मासात औदुंबराला लक्ष प्रदक्षिणा. बायका घालतात, ऐकलं होतं मी, माझ्या आत्यानंही घातल्या होत्या. आषाढी एकादशीपासून अक्का रोज पहाटे जाऊन चालत होत्या. श्रावणात कृष्णेला पूर आला आणि देऊळ पाण्याखाली गेलं. पाणी उतरलं तर पारावर गाळ. कित्येक दिवस गेले, प्रदक्षिणा मागे पडल्या आणि कार्तिकी एकादशी काही मागे सरकणार नव्हती. तेव्हा रणधीरनं सुतळीनं औदुंबराचा पार मोजला, एका फेऱ्याला किती अंतर पडतं ते काढलं आणि माझ्या दुकानात आला. शिकलेला मुलगा, सगळं गणित अगदी बरोबर होतं.

“पुजाऱ्यांना विचारलंत?”

“नाही,” रणधीर म्हणाला. “नको म्हणाले असते.”

“अक्का, प्रदक्षिणा गोल असते. हे सरळ आहे. तुम्हीच विचारलं होतंत ना मला?”

“देवाला समदं गोलच,” अक्का म्हणाल्या. “तो घेईल वळवून. मला आपलं एवढंच वाईट वाटतंय बघ, कितीबी चाललं तरी देऊळ जवळ येत न्हाई.”

“मी हे मशीन परत घेऊन जाते. तुमच्या पायांचं काय झालंय बघा.”

त्या सावकाश माझ्याकडे वळल्या. इतका वेळ मी त्यांना गरीब गाय समजत होते. “मागच्या खेपेला बी नवस बोलले हुते,” त्या म्हणाल्या. “ऊन लई, गुडघं दुखत्यात म्हनून अर्ध्यावर सोडलं. काय झालं? सोन्यासारखं पोर हुतं. या हातानं पुरलंय मी त्याला. तू सोड म्हनतीस?”

आतून कसलातरी बारीक आवाज येत होता, टक, टक. मी दारात गेले. वृषाली परातीतला जोंधळ्याचा एकेक दाणा उचलून तांब्यात टाकत होती. एका प्रदक्षिणेला एक दाणा.

“मशीन बंद आहे, वृषाली.”

“मगाचे राहिलेत टाकायचे.” तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. “मोजायचं काम माझं आहे. ताई, दुरुस्त होईल ना ते?”

“तू सांग ना अक्कांना. तुझं ऐकतील.”

“आधी सांगत होते. रडले पण एकदा. पण आता ते बंद पडलं की मला घाबरायला होतं. चालू असलं की वाटतं, सगळं नीट आहे.”

मी बाहेर आले आणि चेहरा मेकॅनिकचा केला. म्हटलं, मोटारीचा एक पार्ट गेलाय, तो पुण्याहून मागवावा लागेल, दिवाळी तोंडावर आहे, वेळ लागेल. पार्टबिर्ट काही गेला नव्हता. तेल पुसून पट्टा ताणला असता तर मशीन लगेच चाललं असतं. पण म्हटलं, तेवढेच म्हातारीचे पाय भरून येतील. बाहेर आल्यावर बशीरभाईंना सांगितलं तर ते म्हणाले, “बरं केलंत.” मलाही बरंच वाटत होतं. टेम्पोत बसून आम्ही चहासुद्धा प्यालो.

दिवाळी गेली. रणधीरचा फोन नाही. मी मनात म्हटलं, सुटले. तरी एकादशी जवळ आली तसं मला चैन पडेना. एका सकाळी त्याच बाजूला एक व्यायामाची सायकल पोचवायची होती, म्हणून बशीरभाईंना म्हटलं, जरा खराड्यांकडून जाऊ.

फाटकातच तो आवाज ऐकू आला. घुर्र, घुर्र. कुणीतरी मशीन चालू करून दिलं होतं. मोटार भरणारा कुठलाही मिस्त्री ते करू शकला असता, हे माझ्या डोक्यात कसं आलं नव्हतं कुणास ठाऊक.

दार लोटून मी आत गेले. अक्का खुर्चीत बसल्या होत्या. दोन्ही पाय घोट्यापर्यंत बांधलेले, मांडीवर जोंधळ्यांची परात. त्या एकेक दाणा तांब्यात टाकत होत्या.

आणि मशीनवर वृषाली चालत होती.

आठवा महिना भरत आलेला. अंगात ढगळ गाऊन, केस घामानं गालाला चिकटलेले, दोन्ही हातांनी दांडे आवळून धरलेले. ती चालत नव्हती, पट्टा तिचे पाय मागे ओढत होता आणि ती ते परत पुढे आणत होती. नजर औदुंबरावर.

“वृषाली!” मी ओरडले. “खाली उतर! अक्का, हे काय चालवलंय? डॉक्टरांनी हिला उठू नको म्हणून सांगितलंय ना?”

“माझं पाय गेलं,” अक्का म्हणाल्या. “हुबं ऱ्हाता येत न्हाई. थोडंच उरल्यात. सुनेनं पुरं केलं तर चालतंय.”

“रणधीर कुठाय?”

“दुकानात. त्याला ठावं न्हाई.”

“वृषाली, उतर बाई. ऐक माझं.”

“थांबवू नका ताई,” ती धापा टाकत म्हणाली. “पाया पडते तुमच्या. आता थांबले तर फुकट जाईल सगळं.”

मी बटणाकडे गेलेच नाही. सरळ भिंतीतला प्लग उपटला. पट्टा थांबला, ती पुढे झोकांडली आणि मी तिला काखेत हात घालून धरलं. अंग तापलेलं होतं आणि पाय लटपटत होते. खोलीत अचानक इतकी शांतता झाली की तांब्यात पडलेला दाणा ऐकू आला.

“का असं करतेस गं?” मी रडकुंडीला आले होते. “चांगली पडून होतीस. बाळासाठीच पडून होतीस ना?”

तिनं पोटावर हात ठेवला. पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं.

“ते पहाटेपासून हलत नाहीये ताई,” ती म्हणाली. “म्हणून तर चालतेय.”

मी अक्कांकडे वळले. त्यांना माहीत होतं. चेहऱ्यावरच दिसत होतं. त्यांच्या हातात पुढचा दाणा तयार होता, तो टाकायचा की नाही एवढाच त्यांना प्रश्न पडला होता.

“तेवढं पुरं हुंदे,” त्या विनवणीच्या सुरात म्हणाल्या. “मग न्हे तिला. मी अडवीत न्हाई. अर्ध्यावर नको गं नेऊस, हेमा. अर्ध्यावर नको.”

मी बशीरभाईंना हाक मारली. आम्ही दोघांनी वृषालीला उचलून टेम्पोत पुढे बसवलं आणि ती सायकल वाटेत उतरवून ठेवली रस्त्याकडेला, कारण मागं ती आदळत होती आणि प्रत्येक आवाजाला वृषाली दचकत होती. सबंध वाटेत ती एकच विचारत होती, अक्का टाकतायत ना दाणे? मी हो म्हटलं. शंभर वेळा हो म्हटलं असतं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पोटाला यंत्र लावलं, बराच वेळ शोधलं आणि मग तडक तिला आत नेलं. रणधीर धावत आला तोवर ऑपरेशन सुरू झालं होतं. मी त्याला बाकावर बसवलं आणि सकाळचं सगळं सांगितलं. वाटलं, रडेल, आईच्या नावानं बोटं मोडेल, निदान मला काही विचारेल. त्यानं विचारलं.

“ताई, तुम्ही प्लग काढला तेव्हा आकडा किती होता?”

“काय?”

“मशीनवर. आता पुसला गेला असेल ना?”

तो चांगला मुलगा होता, आजही मी तसंच म्हणेन. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तो मनातल्या मनात गुणाकार करत होता.

मुलगी झाली. मूठभर जीव, निळसर. पहिल्यांदा रडलीच नाही. मग रडली. काचेच्या पेटीत कित्येक दिवस ठेवावं लागलं. डॉक्टरीणबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “आणखी थोडा उशीर झाला असता तर दोघीही गेल्या असत्या. कोण चालवत होतं तिला?” मी वृषालीच्या उशाशी बसून पोटभर रडले. मशीन परत न्यायचं आहे हे त्या धांदलीत डोक्यातून पार गेलं, आणि नंतर रणधीरला दोनतीनदा विचारलं तर तो म्हणाला, असू दे ताई, जागा अडत नाही.

बारसं झाल्यावर अक्का दुकानात आल्या. पायात मऊ सपाता, हातात पेढ्यांचा पुडा. मुलीचं नाव अनसूया ठेवलं होतं. आता ती शाळेत जाते, रस्त्यात दिसते कधीतरी, दोन वेण्या घालून. त्या दिवशी अक्का दहा वर्षांनी तरुण दिसत होत्या.

“घे बाई, तोंड गोड कर. नवस पावला.”

“अक्का, ऑपरेशन वेळेवर झालं म्हणून वाचली ती.”

“व्हय की. डाक्टरणीच्या हाताला येश कुणी दिलं?” त्यांनी पेढा माझ्या तोंडाशी धरला. “आन् तुला त्या सकाळी कुणी धाडलं? मी तर फोन केला नव्हता. तू गेलीस तिला घेऊन, आन् मी घरी उरलेलं पुरं केलं. प्लग लावला आन् मशीनवं गुडघ्यावं चालले. शेवटचा दाणा टाकला आन् रणधीरचा फोन आला, मुलगी झाली म्हनून.”

मी पेढा हातात घेतला, खाल्ला नाही. अक्कांच्या मागे एक तरुण मुलगी उभी होती, इतका वेळ मला वाटत होतं दुसरंच गिऱ्हाईक आहे. पदर पोटावरून नीट ओढून घेतलेला.

“ही माझ्या नणंदेची सून. पूर्वा,” अक्का म्हणाल्या. “पाचवा लागलाय. हिचं बी पयलं गेलं. तसलं दुसरं मशीन हाय का गं तुझ्याकडं?”

“नाही,” मी म्हणाले. “एकही नाही.”

माझ्या पाठीमागे पाच ट्रेडमिल ओळीनं उभ्या होत्या. अक्कांनी माझ्या खांद्यावरून त्यांच्याकडे पाहिलं, एकेक करून, आणि परत माझ्याकडे. रागावल्या नाहीत. उलट समजूत घालावी तशा हसल्या.

“नसू दे. आमचं हाय की. वृषालीच्या पुढच्या खेपेचा नवस मी बोलून ठेवलायच. आणखी एक असतं तर दोघींचं एकदम झालं असतं, एवढंच.” मग त्या पूर्वाकडे वळल्या. “ह्याच त्या हेमाताई. पड पाया.”

“नको, नको. वाकू नकोस गं,” मी म्हणाले. पण मी मागे सरकेपर्यंत तिचा हात माझ्या पावलांना लागला होता.